पूर्ण चेष्टा चालू आहे

माझ्या भाचीने लिहिलेल्या कादंबरीत आमच्या दुकानाच्या दारावर एक पितळी घंटी आहे. गिऱ्हाईक आत आले की ती किणकिणते आणि काउंटरमागचे प्रेमळ म्हातारे गृहस्थ चष्म्यावरून पाहून हसतात. आमच्या दुकानाला दारच नव्हते. शटर होते, आणि ते मध्यावर अडकत असे. खालचा अर्धा भाग भाऊ उचलत, उरलेल्या अर्ध्याला मी खांदा लावी, आणि त्या खडखडाटावर शेजारचे कापडवाले सेठजी रोज न चुकता म्हणत, "पंडितजी, तेल पिलाओ इसको, बेचारा रोता है." घंटी कुठून आली, असे मी मृणालला फोनवर विचारले. "मामा, वाचकांना घंटी आवडते," ती म्हणाली. वाचकांना आणखीही बरेच काही आवडत असावे, कारण त्या कादंबरीची आवृत्ती संपली म्हणतात. लोक पुण्याहून महाकालाच्या दर्शनाला आले की फ्रीगंजात ते दुकान शोधतात. तिथे आता मोबाइलची कव्हरे मिळतात. कादंबरीचे नाव मी इथे मुद्दाम देत नाही. जाहिरात करण्याचे माझे वय राहिलेले नाही आणि भांडण्याचेही फारसे उरलेले नाही. पण एका प्रसंगापुरते मला भांडावेच लागेल, कारण तो तिने साफ चुकीचा लिहिला आहे, आणि ती चूक तिची नाही.

भाऊ म्हणजे माझे वडील. घरात, दुकानात, टॉवरच्या चौकात, सगळे त्यांना भाऊच म्हणत. आमचे घराणे दरबारातल्या कारकुनांचे. कधीकाळी सरदारांच्या मागोमाग दौत-लेखणी घेऊन माळव्यात आलेल्या लोकांची इतक्या पिढ्यांनंतरची शिल्लक म्हणजे आम्ही. दुकान एका शटरचे. पुढे पोटापुरती हिंदी पाठ्यपुस्तके, आणि मागच्या तीन भिंतींवर मराठी. कादंबरीत भाऊ येणाऱ्याच्या मनातले पुस्तक ओळखून हातात ठेवतात. खऱ्या भाऊंना माणसांची नावेदेखील आठवत नसत. त्यांना अक्षरे आठवत. "तो बारीक वेलांटीवाला आला नाही बरेच दिवस," असे ते म्हणत, कारण प्रत्येकाकडून ते हव्या असलेल्या पुस्तकाचे नाव त्याच्याच हाताने चिठ्ठीवर लिहवून घेत. पुस्तक मुंबई-पुण्याहून आले की त्या माणसाला पोस्टकार्ड जाई. माणूस समोरच्या गल्लीत राहत असला तरी जाई. "अहो, हाक मारली असती तरी आलो असतो," असे कोणी म्हटले तर भाऊ गंभीरपणे सांगत, "हाक सगळ्यांना मारतात. पत्र तुम्हाला आहे." लोक पुस्तकांइतकेच त्या पत्रांसाठी येत. माधव नगरात कित्येक घरी आरशाच्या मागे ती कार्डे खोचलेली मी पाहिली आहेत.

दुकानात दोन तऱ्हेची माणसे येत. आमच्यासारखे पिढ्यान् पिढ्या इथले, ते 'इकडचे'. बँकेत, रेल्वेत, शाळा-कॉलेजांत बदलीने आलेले महाराष्ट्रातले, ते 'तिकडचे'. आईचा हिशेब साधा होता: तिकडचे विकत नेतात, इकडचे मागून नेतात. दुकान तिकडच्यांवर चाले, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. बाकावरच्या गप्पा मात्र एकत्र होत. समोरच्या टपरीवरून वाफेवरचे पोहे येत, वर शेव आणि जीरावणाची तिखट पूड, सोबत कागदात गुंडाळलेली जिलबी. नवा माणूस पोह्यांसोबत जिलबी पाहून बिचके. इकडचे त्याला हसत, आणि मग तो आमच्या मराठीला हसे. असा व्यवहार बरोबरीत सुटत असे. निदान मला तसे वाटत होते, पुण्याला जाईपर्यंत.

पुण्यात आत्याकडे राहून मी दोन वर्षे कॉलेज केले. पहिल्याच आठवड्यात एका मित्रासाठी जागा बघायला गेलो आणि घरमालकिणीला विचारले, "खोली खाली आहे का?" "नाही, वर आहे," ती म्हणाली, आणि मी जिना चढून गेलो, तर आत एक बिऱ्हाड जेवत बसले होते. ही गोष्ट कॉलेजभर झाली. दोन वर्षांत मी माझी जीभ घासूनपुसून स्वच्छ करून घेतली आणि घरी परतलो तो घरच्यांच्या चुका मोजायला लागलो. आई म्हणे, "पोळ्या बनवून राहिले आहे," मी म्हणे, "करते आहे." ती लाटणे वर करून म्हणायची, "केलेल्या हव्यात का बनवलेल्या? दोन्ही एकाच तव्यावरच्या आहेत." फाटकी पुस्तके आई घरी शिवत असे. त्यासाठी मैद्याची खळ शिजे, आणि तिच्यात मोरचूद पडल्यावर येणारा तो कडवट वास वरणाच्या वासात मिसळे. आजही मला भूक लागली की कधीकधी आधी तोच वास येतो. भाऊ संध्याकाळी पाटावर बसून, मांडीवर पाठ्यपुस्तक आणि त्यावर कार्ड ठेवून पत्रे लिहीत. आई म्हणे, "कलेक्टर बसले दरबारात." ते वर न पाहता म्हणत, "चूप बसा, मजकूर बिघडेल." मी म्हणे, "'गप्प' बसा." भाऊ लेखणी थांबवून माझ्याकडे पाहत. रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नाही. थकलेले पाहिले आहे.

त्या वर्षी वझे बाई दुकानात आल्या. साताऱ्याकडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पती निवर्तल्यावर बँकेतल्या भावाकडे, देशपांडे साहेबांकडे, राहायला आल्या होत्या. पतीने आयुष्यभर वहीत लिहिलेल्या कविता त्यांनी पदरमोड करून छापल्या होत्या. त्या संग्रहाच्या प्रती त्यांनी भाऊंच्या काउंटरवर ठेवल्या तेव्हा हात पटकन मागे घेतला नाही. "कोणी वाचतील का हो?" त्यांनी विचारले. भाऊंनी एक प्रत उघडली, दोन पाने उभ्याने वाचली आणि म्हणाले, "बाई, हे आमच्यावर सोडा." आणि भाऊंनी ते खरोखर सोडले नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला ते पुस्तक दाखवीत, सायकलवर टाकून लांबच्या वस्त्यांत नेत. आठ दिवसांनी त्यांनी बाईंना कार्ड टाकले. ते मला तोंडपाठ आहे. "आपल्या यजमानांच्या काव्यसंग्रहाविषयी मी आपल्या परीने पूर्ण चेष्टा करीत आहे. माझे मित्रमंडळही चेष्टा करीत आहे. नानाखेड्यापर्यंत चेष्टा चालू आहे. लवकरच सर्व शहरात व्हावी अशी उमेद आहे."

वाचणाऱ्याला आत्ता हसू आले असेल. यावे. मलाही येते आणि मग जाते. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांशी जन्मभर हिंदीत पत्रव्यवहार केलेल्या माणसाच्या हातून तो शब्द उतरला होता. साताऱ्याच्या विधवेने तो मराठीत वाचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पोहे नुकतेच आले असताना, देशपांडे साहेब दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. मागे बाई, पदर घट्ट धरून. साहेबांनी कार्ड काउंटरवर ठेवले.

"भाऊसाहेब, हे अक्षर तुमचं?"

"माझंच," भाऊ म्हणाले. अक्षराचा त्यांना अभिमान होता.

"मग जरा मोठ्यानं वाचा."

भाऊंनी चष्मा चढवला आणि वाचले. चांगल्या आवाजात, स्वल्पविराम सांभाळून वाचले. बाकावरचे तिकडचे दोघे पोहे तोंडात धरून थांबले. मी शिडीवर होतो. मला दुसऱ्याच वाक्याला सगळे कळले, आणि मी खाली उतरलो नाही.

"माझ्या यजमानांची चेष्टा करायला पुस्तकं ठेवली होती का मी तुमच्याकडे?" बाईंचा आवाज चिरका झाला होता.

भाऊ गोंधळले. "बाई, चेष्टा कशी नाही करणार? मी शब्द दिला आहे. आणखी जोरात करू."

बाकावरचा एक जण फसकन हसला. शेव उडाली. सेठजी कापडाचा गज हातात घेऊन डोकावले. "क्या हुआ? चेष्टा तो अच्छी बात है, पंडितजी. चेष्टा करनी ही चाहिए." मग मात्र सगळे हसले. साहेबही हसले, कारण त्यांना आता गैरसमज उमगला होता. बाई हसल्या नाहीत आणि भाऊ हसले नाहीत. साहेबांनी हसतहसतच भाऊंना अर्थ समजावून सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा. भाऊंचा चेहरा उतरत गेलेला मी वरून पाहिला. ते काउंटरबाहेर आले, बाईंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "आपलं मन दुखलं. माझ्यामुळे दुखलं. मला फार वाईट वाटतं." मृणालच्या कादंबरीत हे वाक्य नाही. असते तर तिच्या गोष्टीत पुढचे काही घडायची गरजच उरली नसती.

बाई कदाचित तेवढ्यावर परतल्या असत्या. पण साहेब म्हणाले, "वाईट वाटून काय उपयोग? हे कार्ड आमच्या सगळ्या मंडळींनी पाहिलंय. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की मराठी नीट येत नाही म्हणून चूक झाली. मी सगळ्यांना दाखवतो, विषय संपला."

"मराठी येत नाही?" भाऊंनी विचारले. "मला?"

"अहो, इकडे तुमचं झालंय असं, त्यात तुमचा काय दोष."

"साहेब, शब्द संस्कृत आहे. तुमच्याकडे त्याची मस्करी झाली, आमच्याकडे तो कामाला लागला. मी बाईंची माफी मागितली. शब्दाची मागणार नाही."

पुढे कधीतरी एका स्मरणिकेत देशपांडे साहेबांनी लिहिले की त्यांच्या मध्यस्थीने 'एक विनोदी गैरसमज' दूर झाला आणि एक मराठी दुकान वाचले. ते आता हयात नाहीत, म्हणून एवढेच म्हणतो की त्यांची स्मरणशक्ती त्यांच्यावर फार मेहेरबान होती. प्रत्यक्षात दुसऱ्या दिवसापासून तिकडच्यांनी येणे बंद केले. कोणी घोषणा केली नाही. बाक रिकामा राहू लागला. पोहेवाला सवयीने सात बशा आणी आणि पाच परत नेई. मागवून ठेवलेली पुस्तके आली, भाऊंनी कार्डे टाकली, पुस्तके तशीच राहिली. इकडचे येत, सहानुभूतीने बोलत आणि वाचायला एखादे पुस्तक मागून नेत. सेठजींनी एकदा मधली भिंत बोटांनी वाजवून पाहिली. "बुरा मत मानना पंडितजी, कभी छोड़ने का मन हो तो पहले मुझसे कहना." त्यांच्या मनात पाप नव्हते. भिंत मात्र वाजली.

आईने एक दिवस खळ शिजवली नाही. शिवायला पुस्तकेच नव्हती. "दोन ओळी लिहून द्यायला यांचं काय जातं?" ती मला म्हणाली. "तू सांग. तू शिकला आहेस." मी भाऊंना सांगितले. ते म्हणाले, "लिहिता येतं म्हणून काहीही लिहायचं नसतं." मला त्या वेळी वाटले, हा हट्ट आहे. आणि खरे सांगायचे तर आणखीही वाटले, की साहेबांचे बरोबर आहे. पुण्यातले ते जेवणारे बिऱ्हाड मला अजून दिसत होते. आमची भाषा हसण्याजोगी आहे हे भाऊंनी एकदा मान्य केले असते तर मी एकटाच हसण्याजोगा उरलो नसतो.

एका दुपारी, भाऊ पोस्टात गेले असताना, मी त्यांच्या पाटावर बसून ते कार्ड लिहिले. त्यांच्या अक्षराचे वळण मला जमत होते. 'क्ष' तेवढा दोनदा गिरवावा लागला. "आमचे मराठी लिहिणे माळव्यातले, हिंदीने बाटलेले. अर्थ न कळता शब्द वापरला गेला. आपण व आपल्या मंडळींनी मोठ्या मनाने क्षमा करावी, आणि आम्हांस शिकवावे." खाली भाऊंची सही केली. साहेबांनी मागितले होते त्याहून कितीतरी जास्त मी देऊन टाकले. 'बाटलेले' हा शब्द मला तेव्हा विशेष चपखल वाटला होता.

तिसऱ्या दिवशी सगळे आले. कादंबरीतले शेवटचे प्रकरण ते हेच. घंटी किणकिणते, माणसांनी दुकान भरून जाते, भाऊ हात जोडतात आणि त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळतात. ही हकिकत मृणालला तिच्या आईने, माझ्या धाकट्या बहिणीने, सांगितली. बहीण त्या वेळी सात वर्षांची होती आणि स्टुलावर बसून जिलबी खात होती. तिने जे पाहिले ते तिने खरेच सांगितले. गर्दी झाली होती. साहेबांनी स्वतः पोह्यांची ऑर्डर दिली होती. बाईंनी घरी केलेल्या कडबोळ्यांचा डबा आणला होता आणि पिशवीतून ते कार्ड काढले होते.

"भाऊसाहेब, मी उगीच ताणलं. तुमचं हे पत्र मी यांच्या पुस्तकात घालून ठेवणार आहे."

भाऊंनी कार्ड हातात घेतले. डोळ्यांजवळ नेले. "बाटलेले," एवढा एकच शब्द त्यांनी पुटपुटत वाचला. मग त्यांनी शिडीकडे पाहिले. मी या वेळीही शिडीवरच होतो. ज्या माणसाला नावांऐवजी अक्षरे आठवत, त्याला 'क्ष' ओळखायला किती वेळ लागणार?

"काय भाऊसाहेब," साहेब थट्टेने म्हणाले, "आता हे अक्षर तरी तुमचंच ना?"

भाऊंनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"माझंच," ते म्हणाले. "बसा सगळे. पोहे गार होतात."

बहिणीने पाहिलेले अश्रू ते हे. त्यात आनंद किती होता, हे तिला सांगता येण्याजोगे नव्हते. मला होते, आणि मी इतकी वर्षे सांगितले नाही.

दुकान वाचले. बाईंच्या यजमानांच्या संग्रहाच्या सगळ्या प्रती संपल्या. पुढच्या आठवड्यात कोणाचे तरी पुस्तक आले आणि मी रोजच्यासारखे कोरे कार्ड भाऊंच्या पाटावर ठेवले. त्यांनी ते हलकेच माझ्याकडे सरकवले. "तू लिही," ते म्हणाले. "तुझं बाटलेलं नाही." आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी भांडलो असतो, भांडायला मला नेहमीच जमले आहे. त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले, दुकानात बसले, चिठ्ठ्या घेत राहिले, पण मराठीत एक ओळ त्यांनी लिहिली नाही. तिकडचे कोणी आले की ते हिंदीतच बोलू लागले. "आइए साहब, बैठिए." लोकांना वाटे, म्हातारा विनोदी आहे. पत्रे मी लिहीत होतो. शुद्ध आणि बिनचूक. हळूहळू लोक म्हणू लागले, पत्राचं काय काम, हाक मारत जा. मी भाऊंची माफी मागितली का, असे कोणी विचारील. आयुष्यात मी एकदाच माफी मागितली, आणि ती त्यांच्या नावाने.

भाऊ गेल्यावर काउंटरच्या खणात मला एक वाया गेलेले पोस्टकार्ड सापडले. वझे बाईंना लिहिलेल्या त्या पत्राचा तो पहिला खर्डा. त्यात लिहिले आहे: "मी आपल्या परीने पूर्ण कोशिश करीत आहे." 'कोशिश' खोडलेले आहे. बाजारातला शब्द एका मुख्याध्यापिकेला कसा लिहावा, असे त्यांना वाटले असावे. वर बारीक, सुबक अक्षरात चांगला शब्द घातला आहे. मग खाडाखोड झालेले कार्ड बाईंना पाठवायचे नाही म्हणून नवे कार्ड घेतले आहे.

मागच्या महिन्यात मृणाल आली होती तेव्हा ते कार्ड मी तिच्यापुढे ठेवले आणि जे इथे लिहिले ते सगळे सांगितले. ती वाकून खोडलेला शब्द वाचू लागली.

"मामा, हे आधी सांगितलं असतंत तर!"

"तू विचारलंस कुठे?"

"तुम्ही भांडल्याशिवाय बोलता कुठे?" ती म्हणाली. मग कार्डावर बोट न टेकवता तिने विचारले, "पुढच्या आवृत्तीत बदलू का?"

मी नको म्हणालो. तिची घंटी किणकिणत राहू दे. हे माझे लिहिणे आहे आणि मीच लिहिले पाहिजे. हे लिखाण छपाईसाठी पुण्याला जाईल. तिथे कोणीतरी तरुण, काळजीपूर्वक मुद्रिते तपासणारा असेल, आणि मी स्वतः एके काळी कसा होतो ते आठवून मला त्याची खात्री वाटत नाही. म्हणून त्याला एवढीच विनंती. भाऊंविषयी जे खरे होते ते लिहिण्याची मी माझ्या परीने पूर्ण चेष्टा केली आहे. हा शब्द खोडू नये.